सारखाच वेळ

"आता सांगा बाई, मी कोणत्या बाजूचा?"

फिल्म नुकतीच संपली होती. हा एवढा एकच प्रश्न विचारायला यशोधन पुण्याहून सावंतवाडीला आला होता.

गर्भपाताच्या वादावरचा त्याचा माहितीपट. बाईच्या हक्कासाठी भांडणाऱ्या डॉक्टर एकीकडे, पोटातल्या जिवासाठी भांडणारे फादर दुसरीकडे. दोघांना सारखाच वेळ, सारखाच उजेड. शेवटचा शब्द कुणालाच नाही. आजवर एकालाही त्याची बाजू ओळखता आली नव्हती, आणि त्याला त्याचा कोण अभिमान!

शकुंतलाबाईंनी उभा जन्म संकलनाच्या टेबलाशी काढला होता. कुठे कापायचं, हे यशोधन त्यांच्याकडेच शिकला.

बाई अजून कोऱ्या पडद्याकडेच बघत होत्या...

"चुकलं का काही?"

"खिडकीपाशी बसलेली ती कोण रे?"

"मंगल. तिनं गर्भपात करून घेतला होता."

"दोनदा दिसली."

यशोधन खुलला. "बरोबर! एकदा डॉक्टरांच्या बोलण्यावर, एकदा फादरांच्या. चेहराच असा आहे बाई, दोन्हीकडे शोभतो."

"बोलली नाही कुठे."

"बोलली ना, पुष्कळ. पण ते कुठल्याच बाजूला बसेना."

"दाखव."

तो जरा कुरकुरला. मग मूळ चित्रीकरण शोधून लावलं.

मंगल पदराच्या टोकाशी चाळा करत सांगत होती, "धाकटी अंगावर पीत होती, तेव्हाच दिवस राहिले. मालकांचं काम सुटलेलं. दवाखान्यात गेले, ते बरंच केलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईन."

मग ती किंचित हसली.

"पण घरात एकटी असले ना, की बोलते मी त्याच्याशी. नावपण ठेवलंय. सांगू?"

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून यशोधनचा आवाज आला. स्वच्छ, घाईचा.

"ते राहू द्या. म्हणजे तुम्ही बाजूने, की विरोधात?"

मंगलने त्याच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं. मान खिडकीकडे वळवली...

हाच तो चेहरा.

यशोधनचे कान तापले. स्वतःचा हा आवाज त्याने संकलन करताना कितीदा तरी ऐकला होता. दर वेळी तो कापून पुढे गेला होता.

बाईंनी हात लांब करून चित्र थांबवलं. पडद्यावर मंगल तशीच, खिडकीकडे बघत.

"नाव काय ठेवलं होतं?"

"...मी ऐकून नाही घेतलं."

बाई उठल्या, चहाचे कप उचलून आत गेल्या. यशोधन पडद्यासमोर बसून राहिला. बाई परतल्या तेव्हा तो बॅग भरत होता.

"मंगलकडे जातो, बाई. तिला वाटलं तर सांगेल, नाहीतर नाही." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "पण हे सगळं फिल्ममध्ये घेतलं... तिचं बोलणं, माझा तो प्रश्न... तर तोल जाईल."

बाईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"कुणाचा?"