रायाजीरावांचं फुगलेलं पोट

डोंगरापलीकडच्या गढीत रायाजीराव सरदार राहायचे. कुणा साधूनं सांगितलं म्हणून त्यांनी चूल विझवली, दूधतूपही सोडलं. भिजवलेले हरभरे, मोडाची मटकी, मुळा, सगळं कच्चंच खायचं. तेही कसं, तर हुकूम सोडता सोडता भराभर गिळायचं. आठ दिवसांत पोट नगाऱ्यासारखं फुगलं. मग त्यांनी स्वयंपाकीण तानूबाईला भर सदरेवर उभं केलं.

"आमची गाय कच्चंच खाते, तिचं पोट फुगत नाही. आमचंच का फुगतं? तूच काहीतरी कालवतेस. उत्तर दे, नाहीतर गाव सोड."

तानूबाई म्हणाली, "सरकार, गाय खाल्लेलं परत तोंडात आणते आणि दुपारभर मुकाट्यानं चघळत बसते. तुम्ही पहिल्या खेपेलाच नीट चावा, म्हणजे झालं."

सदरेवरची माणसं खाली मान घालून हसली. सरदारांनी चिडून मूठभर मटकी तोंडात टाकली आणि चावायला लागले. ताट संपेतो ऊन कललं. पोट मात्र हलकं राहिलं. आणि तोंड रिकामं नसल्यामुळे त्या दिवशी तानूबाईलाच काय, गढीत कुणालाच शिक्षा सुनावली गेली नाही.