वेशीवर अडवलेले चौदा बैल

“सोणदत्ताचे बैल नदीपलीकडे सुरीखाली जाणार म्हणे. काल त्यानं पलीकडच्या कसायाशी रुमालाखाली…”

एवढ्यात रहाट कुरकुरला आणि बोलणारीचं उरलेलं वाक्य विहिरीत पडलं. सोणदत्ताच्या भिंतीला भिंत लागून राहणारी उत्पला तिथेच घागर भरत होती. उरलेलं विचारावं असं तिच्या मनात आलं होतं, पण पाय आधीच घराकडे वळले होते. वाटेत चार दारं होती. त्या चारही दारांत ती थोडी थोडी थांबली.

पूर्वी चंपकनगरात अरिंदम राजाचं राज्य असताना हे घडलं. त्या जन्मी बोधिसत्त्व नगराच्या उत्तर वेशीचा अधिकारी होता. लोक त्याला नाईक म्हणत. गुरं कापण्यासाठी हद्दीबाहेर न्यायची नाहीत, कोणी नेली तर ती जप्त व्हावीत, असा राजाचा नियम होता. नियम चांगला होता. पण त्याला एक रीत चिकटली होती. जप्त गुरांतला चौथा हिस्सा वेशीच्या अधिकाऱ्याला मिळे आणि पकडून देणाऱ्याला आवडेल ते एक जनावर. त्यामुळे उत्तर वेशीजवळ दयाळू माणसं फार वाढली होती.

सोणदत्त गुरांचा व्यापारी. बापजाद्यांपासून तोच धंदा. त्या दिवशी तो चौदा बैल घेऊन नदीपलीकडच्या जत्रेला निघाला होता. संध्याकाळच्या आत उथळ पाण्याचा उतार ओलांडला नाही, तर रात्रभर नदीचं पाणी चढे आणि जत्रा हातची जाई. घरात जे काही होतं ते सगळं त्या चौदा दाव्यांना बांधलेलं होतं.

तो वेशीपाशी पोहोचला तेव्हा माणसं आधीच जमली होती. वाटेत अफवेला चांगली शिंगं फुटली होती. कोणी म्हणालं, सुऱ्यांना धार लावून झाली. कोणी म्हणालं, कातडी आगाऊ विकली. वज्रक नावाच्या धिप्पाड माणसानं पुढे होऊन पहिल्या बैलाची वेसण धरली.

“कुठं निघालास रे पाप्या?”

“जत्रेला, दादा. दर वर्षी जातो. तुम्हीही ओळखता मला.”

“ओळखतो म्हणूनच विचारतोय!”

कोणाचा तरी हात लागला आणि सोणदत्ताचं पागोटं धुळीत पडलं. ते उचलायला वाकावं, तर वाकल्यावर पाठीत काय बसेल याचा नेम नव्हता. तो तसाच बोडका उभा राहिला. वैशाखाचं ऊन होतं. बैलांच्या तोंडाला फेस आला होता, आणि ते अडवणाऱ्यांपैकी कोणाला दिसत नव्हतं.

बोधिसत्त्व आला तेव्हा तोही मनातून घाबरला होता. सोडावं, तर कदाचित चौदा जीव जातील. धरावं, तर कदाचित एक निरपराध घर बसेल. गुरांच्या सौद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं धरून ठरवतात. बघणाऱ्याला रुमाल हललेला दिसतो, आत काय ठरलं ते नाही. मग विहिरीवरच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा?

त्यानं बैलांकडे पाहिलं आणि म्हणाला, “आधी पाणी दाखवा यांना.”

“नाईक, आधी न्याय!” वज्रक ओरडला. “चोराच्या बैलांना कसला पाहुणचार?”

“बैलांनी काय चोरलंय? नियम यांच्याचसाठी आहे ना? उन्हानं इथंच एखादा पडला, तर जप्त काय करशील, कातडं?”

दोघे-चौघे हसले. वज्रकानं वेसण सोडली.

घाटाकडे जाणारी फरसबंद वाट अरुंद होती. बैल एकामागून एक निघाले. खुरांच्या लोखंडी पत्र्या दगडावर वाजू लागल्या. टक, टक, टक. बोधिसत्त्व डोळे मिटून ऐकत होता. बारा बैल वाजत गेले. शेवटचे दोघे गेले ते मात्र आवाज न करता.

त्यानं डोळे उघडले. सोणदत्त जमिनीकडे पाहत होता.

बोधिसत्त्वानं वाकून एकेका बैलाचा पाय उचलला. बाराही जणांच्या पत्र्या नव्या होत्या, खिळे चकाकत होते. त्या दोघांचे खूर उघडे आणि झिजलेले.

“सोणदत्ता, बारा बैलांना पत्र्या मारल्यास. या दोघांना का नाही?”

सोणदत्त म्हणाला, “नाईक, बारा बैल नांगराला जायचेत. वाट खडकाची, पत्रीवाचून घेणार कोण? हे दोघे थकलेत. काल त्या पलीकडच्या माणसानं रुमालाखाली बोटं धरली आणि मी मान हलवली. मरायला जाणाऱ्याला पत्री कशाला, असं वाटलं.”

“मी म्हणत नव्हतो का!” वज्रक गरजला.

“तू चौदा म्हणत होतास,” बोधिसत्त्व म्हणाला.

मग त्यानं निवाडा दिला. “नियम मोडला तो दोन बैलांपुरता. ते दोघे राजाच्या कुरणात राहतील आणि मरेपर्यंत त्यांची वैरण सोणदत्त घालील. बारा बैलांचा व्यापार हा त्याचा हक्क आहे. उन्हं आहेत तोवर शिपाई त्याला उतारापलीकडे पोहोचवून येतील. वाटेत कोणी हात लावायचा नाही.”

“आणि पकडणाऱ्याचा बैल?” वज्रकानं विचारलं.

“दोन आहेत. आवडेल तो घे. फक्त काम घ्यायचं नाही, विकायचा नाही, मरेपर्यंत सांभाळायचा.”

वज्रकानं दोन्ही म्हाताऱ्यांचे गुडघे पाहिले. मग त्याला घरचं काहीतरी काम आठवलं.

वेशीवरचा एक शिपाई हळूच म्हणाला, “नाईक, चौदा धरले असते तर आपला चौथा हिस्सा…”

“म्हणूनच तर मी घाबरलो होतो,” बोधिसत्त्व म्हणाला. “दुसऱ्याच्या अपराधात ज्याचा वाटा असतो, त्याला जिकडे तिकडे अपराधच दिसतो.” दुसऱ्या दिवशी त्यानं राजाला विनवून ती रीत बंद करवली.

त्या दिवशी वेशीवर मात्र, गर्दीमागून आलेल्या उत्पलानं धुळीतलं पागोटं उचललं, झटकलं आणि पुढे केलं.

“वहिनी, तुम्ही हे कुठं ऐकलंत?” सोणदत्तानं विचारलं.

“अर्धं विहिरीवर, भावजी.” तिच्यानं वर बघवेना. “उरलेलं माझंच.”

जेतवनात कपिलक नावाच्या गुरं विकणाऱ्या उपासकाविषयी काही जण अर्धवट ऐकून कुजबुजत होते. त्यांना ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, त्या जन्माचा आणि या जन्माचा मेळ घालून दिला. त्या वेळचा सोणदत्त म्हणजे आजचा कपिलक. वज्रक म्हणजे त्याला गावाबाहेर काढा म्हणणारा त्याचा भाऊबंद. उत्पला म्हणजे रोज दान घेऊन येणारी आणि दारोदार थांबणारी ती उपासिका. आणि वेशीचा अधिकारी तो मीच होतो, असं शास्ते म्हणाले. आधी तहान भागवून मग निवाडा करणारी ही करुणा, आणि तिच्या हाताला धरून चालणारी प्रज्ञा.

विहिरीवरचं ते बोलणं खोटं नव्हतं. रहाट कुरकुरला नसता, तर पुढचा शब्द ऐकू आला असता. तो होता ‘दोन’.