ओठाला भोक असलेला मासा

शुद्धलेखन माझं कच्चं आणि शब्दही साधेच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हिवऱ्याच्या डोहात जाळं टाकून शिरपती भोई घर चालवायचा. शहरातली हौशी मंडळी दर रविवारी तिथं गळ टाकायची, मासा छातीशी धरून फोटो काढायची आणि परत सोडायची. सोमवारी मात्र मेलेले मासे काठाला लागायचे. या मंडळींच्या क्लबचे अध्यक्ष खानविलकर यांनी मत्स्य खात्याकडे अर्ज केला, मासे जाळ्यानं मरतात, भोयाचं जाळं बंद करा.

एका सोमवारी मत्स्य अधिकारी डोहावर आले.

खानविलकर म्हणाले, "आम्ही मासा जिवंत सोडतो. मारतो तो हा!"

शिरपतीनं काठाचा एक मेलेला मासा उचलून अधिकाऱ्यांपुढं धरला. माशाच्या ओठाला आरपार भोक होतं.

"साहेब, जाळ्यानं ओठाला भोक पडत नाही. फोटोपायी उन्हात धरला की सोडलेला मासाही मरतो. अन् मी मारला असता तर हा माझ्या चुलीवर असता. मासा मारून नदीला परत द्यायची चैन आम्हाला कुठली?"

जमलेले लोक हसले. अधिकाऱ्यांनाही पटलं. त्यांनी तिथंच हुकूम लिहिला, वर्षभर या डोहात गळही नाही आणि जाळंही नाही.

"रावसाहेब, माझं काय चुकलं?" शिरपतीनं अधिकाऱ्यांना विचारलं.

"तुझं काही नाही रे. पण नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खानविलकरांची गाडी गळ घेऊन पुढच्या धरणाकडे गेली. शिरपतीनं जाळं आढ्याला बांधलं आणि घमेलं घेऊन तो रस्त्याच्या कामावर गेला.