बैठकीचं पाणी

एका नदीच्या काठी, वरून खाली ओळीने, तीन जंगलं होती. वरच्या जंगलात रानडुकरं राहत, मधल्यात रानम्हशी आणि सगळ्यात खालच्यात पाणमांजरं. आता नदी एक आणि पिणारे तीन म्हटल्यावर भांडणं व्हायचीच. ती होऊ नयेत म्हणून तिन्ही जंगलांनी मिळून एक नदीमंडळ काढलं होतं. वरच्या जंगलातला कोल्हा त्याचा चिटणीस.

मंडळाची बैठक दर उन्हाळ्यात भरे, ती वरच्या जंगलात, नदीच्या झऱ्यापाशी. तिथे एक चाल होती. प्रत्येकाने आधी तिथलं घोटभर पाणी प्यायचं, मग बोलायला तोंड उघडायचं. झऱ्याचंच पाणी ते, थंडगार आणि नितळ. सगळे पीत आणि माना डोलवत. कोल्हा पळसाच्या पानावर लिहून घेई, "नदीचे पाणी गोड आहे. ते असेच राखण्याचा ठराव एकमताने मंजूर." अकरा वर्षं हेच चाललं होतं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, दुसरं काय!

इकडे बैठक संपली की रानडुकरं कंदमुळांसाठी काठ उकरत आणि दरडी पाण्यात ढासळत. मधल्या जंगलात म्हशींचे कळप दिवसभर डोहात बसून राहत. शेण कुठे टाकतात ते मी सांगायला नको, तुम्ही शहाणे आहात! हे सगळं वाहत वाहत खालच्या डोहात येई. तिथल्या पाणमांजरीला त्या गढूळ पाण्यात मासा दिसेना. तिच्या तीन पिल्लांपैकी दोन ते पाणी पिऊन दगावली. तिसरंही सुकत चाललं होतं.

बाराव्या बैठकीला ती चालत चालत झऱ्यापाशी आली. चालीप्रमाणे घोटभर पाणी प्यायली आणि तिचे डोळेच भरून आले. ती म्हणाली, "चिटणीस, आणखी ठराव नको मला. पुढची बैठक तेवढी आमच्या डोहावर घ्या."

कोल्हा म्हणाला, "छे, बाई! जिथे झरा तिथे बैठक. वाडवडिलांपासूनची चाल आहे."

"झरा तुमचाच राहू द्या. एकदा आमच्याकडे पाहुणे म्हणून या. की आमच्या जंगलात यायला कमीपणा वाटतो?"

हे मात्र रानडुकराच्या वर्मी लागलं. म्हातारं, सुळेवालं डुक्कर ते, मानाला फार जपायचं. "कमीपणा कसला? उलट पुढल्या पौर्णिमेलाच येतो की!" असं ते बोलून बसलं. मग मधल्या जंगलातला रेडाही कबूल झाला. कोल्ह्याला खालच्या डोहातले मासे आठवले, म्हणून तोही तयार झाला.

पौर्णिमेच्या दिवशी भर उन्हात चालून मंडळी खालच्या डोहावर पोचली. सगळ्यांचे घसे कोरडे पडले होते. डुक्कर धावतच पाण्याकडे गेलं, नाक लावलं आणि थबकलं.

कोल्ह्याने ते पाहिलं. तो घाईघाईने म्हणाला, "आज पाण्याची चाल राहू द्या. मी थेट ठरावच वाचतो."

"असं कसं?" पाणमांजरी म्हणाली. "चाल तुमचीच आहे. प्यायल्याशिवाय बैठक सुरू होत नाही."

आता माघार कशी घेणार? डुकराने डोळे मिटून घोट घेतला आणि थू थू करत टाकला. "माती! नुसती माती!"

रेड्याने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, "मातीचं काय घेऊन बसलास? शेणाचा वास येतोय."

तेवढ्यात पाणमांजरीचं पिल्लू लटपटत आलं आणि त्यांच्या पायांशीच लपालपा पाणी पिऊ लागलं.

"अरे अरे, नको पिऊ!" रेडा ओरडला. "बाई, आवरा त्याला!"

"आवरते की," पाणमांजरी म्हणाली. "पण मग दुसरं कुठलं पाजू?"

 डुक्कर आणि रेडा एकमेकांवर खेकसू लागले, तुझी माती आणि तुझं शेण! पाणमांजरी म्हणाली, "भांडण घरी जाऊन करा. इथे एवढंच ठरवा. दर वर्षीची बैठक याच डोहावर, प्यायची चाल हीच. आणि मधल्या काळात खालच्याने सांगायचं, वरच्याने ऐकायचं."

"हे ठरावात कसं मांडू बरं?" कोल्ह्याने पान पुढे ओढलं.

"मांडू नकोस," डुक्कर गुरगुरलं. "मला पुढल्या वर्षी हेच प्यायचंय."

त्या दिवसापासून डुकरं काठापासून लांब उकरू लागली. काठाला कुणाचा सुळा लागला की रेडा वर जाऊन सांगे. म्हशींनी डुंबायला नदीपासून दूर एक डबकं धरलं. तरी पहिले काही दिवस त्या चोरून डोहात बसतच, आणि पाणमांजरी येऊन त्यांना उठवे. मग पावसाळा आला, दरडींवर गवत धरलं, जुना गाळ वाहून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच डोहावर बैठक भरली. तळाचे मोठे गोटे अंधुक दिसत होते. पाणमांजरीचं पिल्लू आता चांगलं वाढलं होतं आणि पाण्यात मासा धरायला सूर मारत होतं. डुकराने भीत भीत घोट घेतला.

कोल्ह्याने सवयीने लिहायला घेतलं, "नदीचे पाणी गोड..."

"थांब," डुक्कर म्हणालं. "गोड नाही अजून. पिण्याजोगं आहे, असं लिही."

पाणमांजरी म्हणाली, "बारा वर्षांत आज पहिल्यांदा या पानावर खरं लिहिलं गेलं." आणि सगळ्यांच्या आधी तिनेच मान डोलावली.

तात्पर्य : नदी कशी आहे हे झऱ्यापाशी बसून ठरवू नये, जो सर्वांत शेवटी पाणी पितो, त्याच्या काठावर बसून, त्याचेच पाणी पिऊन ठरवावे.