नागाचं बिऱ्हाड

पळसदऱ्याला एकच बंधारा मंजूर झाला होता. त्याची जागा चुकली, की बायांना पुन्हा हंडे घेऊन तीन मैल चालायचं होतं. पाणलोट खात्याचे बोधनकर साहेब आले, ऐसपैस दगडावर बसले, नकाशा उघडला आणि म्हणाले, "बंधारा इथंच!"

शेळ्या राखणारी ठकूमावशी पुढं आली. "इथं नको हो साहेब. या जागेला चाळण म्हणतात. पाणी टिकायचं नाही."

"मावशी, नावावरून कुठं योजना होतात? नावात काही नसतं."

"तेही खरंच," मावशी म्हणाली. "बसा निवांत. तुमच्या बुडाखालच्या दगडाला नागाचं बिऱ्हाड म्हणतात."

साहेब टुणकन उडाले. नकाशा एकीकडे, चष्मा दुसरीकडे.

"अगंबाई! नावात काही नसतं ना?"

भोवती जमलेलं सगळं गाव खिदळलं. साहेबही हसले, चष्मा पुसत म्हणाले, "हरलो. मग पाणी टिकतं कुठं?"

"म्हसडोहात. होळीपर्यंत म्हशी तिथून उठत नाहीत."

बंधारा म्हसडोहावर ठरला. निघताना साहेबांनी हळूच विचारलं, "त्या दगडाखाली खरंच नाग असतो?"

"छे हो! ते नाव मी आत्ताच ठेवलं. चाळण हे नाव मात्र जुन्या माणसांनी पाणी अडवून अडवून, हात टेकल्यावर ठेवलंय."