राजाचं परतीचं ताट

सगुणाला वाटलं होतं, राजवैद्यांच्या दारात रोग्यांची रांग असेल. तापानं फणफणलेले, खोकणारे, विंचू चावलेले. आठ वर्षं काशीला मामाकडे राहून ती वैद्यकी शिकून आली होती, आणि कधी एकदा लोकांच्या उपयोगी पडते असं तिला झालं होतं. पण भिवगडच्या गढीवर वडिलांच्या दारात उभे होते शिंपी. सहा जणांनी मिळून एक अंगरखा धरला होता. सातवा डोक्याला हात लावून बसला होता.

"शिवणीत आता सोडायला कापड उरलं नाही," तो म्हणाला. "यंदा महाराज वाढले, तर वैद्यांनीच बघावं."

अंगरखा राजाच्या पणजोबांचा. तुळशीच्या लग्नात भिवगडच्या राजानं तोच घालून वधूपित्याच्या जागी उभं राहायचं, असा रिवाज. गेल्या वर्षी भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि तीन बंद एकापाठोपाठ तुटले. वऱ्हाडानं अक्षता टाकल्या, पण हसत हसत.

गजधवल महाराजांनी बापलेकीला दरबारात बोलावलं.

"उद्या वसुबारस," महाराज म्हणाले. "तुळशीच्या लग्नाला पंधरा दिवस. अंगरख्याचे सातही बंद बसले पाहिजेत. आम्ही काढे घेणार नाही. उपास करणार नाही. तालीम करणार नाही. आणि घराघरांतून फराळाची ताटं येतात, ती नाकारणार नाही. रिवाज म्हणजे रिवाज!"

"आणि बंद नाही बसले तर?" त्र्यंबकवैद्यांनी विचारलं.

"तर तुम्ही दोघं दुसरं राज्य बघा."

सगुणा म्हणाली, "मान्य आहे. महाराजांनी पोटभर खावं. फक्त रिवाज पुरता पाळावा."

"आम्हाला रिवाज शिकवतेस?"

"ज्यानं ताट रिकामं केलं, त्यानं ते आपल्या हातानं परत करायचं. वर काहीतरी ठेवून. गावात लहानथोर सगळे पाळतात. गढीवरूनच तेवढे नोकर जातात."

"आम्ही राजे आहोत!"

"मग काय अडलं? महाराजांनी हुकूम काढावा, की भिवगडात रिवाज मोडला तरी चालतो."

महाराजांनी मिशीला पीळ दिला. मग पीळ सोडला.

"पालखी आणा!"

"पहिलं ताट कोष्टीगल्लीतून येतं. पालखी तिथे वळत नाही, महाराज."

गढी डोंगरावर आणि गाव पायथ्याशी. मध्ये तीनशे बारा पायऱ्या. दुसऱ्या दिवशी महाराजांनी तान्हुबाई कोष्टिणीच्या घरचे नऊ लाडू खाल्ले, ताटात केळी ठेवली आणि ताट घेऊन खाली उतरले.

तान्हुबाईनं केळी काढून घेतली आणि त्याच ताटात नऊ लाडू भरले.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"राजं, तुम्ही भरल्या ताटानं आला, आन् मी मोकळ्या हातानं धाडू व्हय? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

महाराज लाडू घेऊन चढले. वर जाऊन खाल्ले. मग ताटाकडे बघत राहिले. ताट तान्हुबाईचं होतं. महाराज पुन्हा उतरले. या वेळी तिनं करंज्या भरल्या.

धनत्रयोदशीला महाराज सात वेळा खाली गेले. नरकचतुर्दशीला अकरा वेळा. पाडव्याला ते पायरीवर बसून तान्हुबाईला म्हणाले, "बाई, एक लाडू पुरे. तोही अर्धा."

"बरं न्हाई व्हय राजांना?"

"बरं आहे. गढी उंच आहे."

भाऊबीजेला दवंडी पिटली गेली. गढीवर फराळाचं ताट घरटी एकच यावं, आणि त्यात एकच जिन्नस असावा. पंचमीला दुसरी दवंडी झाली. आलं नाही तरी चालेल, आणि आलंच तर देवडीवरून परत जाईल.

तुळशीचं लग्न लागलं. भटजींनी 'सावधान' म्हटलं. सगळ्या गावानं श्वास रोखला. सातही बंद जागच्या जागी! सातव्या बंदाला तर गाठ मारून उरेल एवढी दोरी होती.

तेवढ्यात कारभारी दाजीबा पुढे सरसावले. "महाराज, अट मोडली! पोरीनं फसवलं. फराळ नाकारायचा नाही असं ठरलं होतं, आणि आठ दिवस देवडीवरून ताटं परत जात होती!"

त्र्यंबकवैद्यांचा चेहरा उतरला.

"कारभारी," सगुणानं शांतपणे विचारलं, "ताटं कोणाच्या हुकमानं परत गेली?"

"दवंडीच्या."

"दवंडीवर शिक्का कोणाचा?"

दाजीबांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी तुळशीकडे पाहिलं.

"मी एक लाडूसुद्धा अडवला नाही," सगुणा म्हणाली. "शिक्षा द्यायचीच असेल, तर ज्यानं अडवला त्याला द्यावी. ते अंगरखा घालून समोरच उभे आहेत."

महाराज आधी लाल झाले. मग त्यांचं पोट हललं, खांदे हलले, आणि ते गदगदून हसले. तरी एकही बंद तुटला नाही!

"आजपासून तू राजवैद्य!" ते म्हणाले. "त्र्यंबकरावांना विश्रांती. गढीवर चार खोल्यांचं औषधालय तुझं. अजून काय हवं ते माग."

"उद्या सांगते," सगुणा म्हणाली.

सकाळी ती औषधांची पेटी घेऊन तीनशे बारा पायऱ्या उतरली आणि तान्हुबाईच्या ओसरीवर तिनं चटई टाकली. आजारी माणसानं गढी का चढावी? औषधालय इथेच.

"अगं, आणि महाराजांची नाडी?" मागून आलेल्या त्र्यंबकवैद्यांनी धापा टाकत विचारलं.

"त्यांनी खाली यावं," सगुणा म्हणाली आणि पेटी उघडली.