कमानीखालची हाक

केतकीच्या पठारावर साहेबाच्या काळातला एक बंगला आहे. काळ्या दगडाच्या भिंती, उतरती कौलं, कोपऱ्यावर टोकदार मनोरा, खिडक्यांना रंगीत काचा. सरकारने तो वारसा यादीत घातला आणि पोर्चमध्ये पाटी लावली, 'शांतता राखा'. आता गंमत बघा, ती पाटी ठोकायला आलेला गावचा सुतारही आधी कमानीपुढे उभा राहून ओरडला आणि मगच आत गेला. शहरातली माणसं हे ऐकून हसतात. राखणदार गेनूआजोबा त्यांना हसू देतात आणि मग गोष्ट सांगतात.

हा बंगला भिवा पाथरवटाने बांधला म्हणे. हाताशी त्याचा धाकटा भाऊ सुभान. आई गेली तेव्हा सुभान रांगत होता. भिवानेच त्याला लहानाचा मोठा केला, त्या साली त्याचं लग्नही लावून दिलं. कमान बांधताना खाली लाकडी साचा उभारतात, आणि चुना धरला की तो पाडतात. पाडण्याआधी पाथरवट हाळी देतो, "सरा बाजूला!" हाळीवाचून घाव घालायचा नाही, हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा नेम.

पोर्चच्या कमानीचा साचा काढायचा, त्याच दिवशी साहेबाचं तान्हं बाळ तापाने फणफणलेलं. शेजारच्या तंबूत त्याचा नुकता कुठे डोळा लागला होता. संध्याकाळी पाहुणे यायचे, म्हणून साहेब काम थांबवायला तयार नव्हता. त्याने ओठांवर बोट ठेवलं. आवाज करायचा नाही.

भिवा घुटमळला. हाळी अगदी ओठांवर आली होती. पण गडी भाकरी खायला ओढ्यावर गेले होते, सुभानला त्याने स्वतःच पाणी आणायला धाडलं होतं. कमानीखाली कोण असणार? आजारी लेकराची झोप मोडणं त्याच्या जिवावर आलं. त्याने मुकाट्याने साच्याच्या पाचरीवर घाव घातला.

कमान तसूभरही हलली नाही. साहेब हळूच "शाब्बास" म्हणाला. साचा मात्र धाडकन खाली आला, आणि लाकडांखालून पाण्याची घागर गडगडत भिवाच्या पायाशी आली. सुभान केव्हाच परतला होता आणि दमून साच्याआडच्या सावलीत आडवा झाला होता.

त्या दणक्याने बाळ उठायचं ते उठलंच.

भिवाने बंगला पुरा केला. पण मरेपर्यंत रोज सकाळी तो कमानीपुढे उभा राहून ओरडायचा, "सुभान्या, सर बाजूला!" साहेबाने त्याला हाकलायला शिपाई धाडला, तेव्हा बाळाला कडेवर घेऊन मडम आडवी आली. "ओरडू दे त्याला," ती म्हणाली, आणि रडली म्हणे. भिवा गेला त्या सकाळी हाक कोणी मारली नाही. शिपाई तसाच आत निघाला, तर निजलेल्या माणसाच्या अंगावर पाय पडावा तसं त्याला झालं, असं सांगतात. तो झटकन मागे सरला, आणि पहिली हाक त्याने मारली.

आजही त्या कमानीतून हाक मारल्याशिवाय कोणी आत जात नाही. हाक मारली म्हणून लगेच घुसायचंही नाही. घाई करणाऱ्याचा हात गेनूआजोबा धरून ठेवतात.

"दमानं. दमून निजलाय त्यो. उठाया येळ लागतोय."